पाचव्या नावानंतर

पूर्वजांची परवानगी असल्याखेरीज काळ्या माणसाच्या हातून खरी कला घडत नाही. हे सत्य चित्रकार कोर्टलंडला एका मासिकाच्या मुलाखतीत, दुसरं काही सुचेना तेव्हा सुचलं. त्याआधी तो रेडिओ लावून, नुसत्या बनियनवर चित्रं रंगवत बसायचा. आता लव्होनियाच्या, म्हणजे बहिणीच्या, गॅरेजमध्ये अकरा महिने पूर्वजांची मनधरणी चालली होती.

डेट्रॉइटच्या संग्रहालयाला हिवाळ्यात एकाच चित्रकाराचं प्रदर्शन भरवायचं होतं. निवड करणाऱ्या पेटिफोर्डबाई शनिवारी दुपारी आल्या. कोर्टलंड नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत उभा होता. लव्होनियाच्या मते तो बेकरीतून पळून आल्यासारखा दिसत होता.

त्याने भोपळ्याच्या तुंब्यातून कुंडीत पाणी सोडलं. एकेका पूर्वजाचं नाव घ्यायचं, जमलेल्या घरच्यांनी ‘आशे’, म्हणजे आफ्रिकेतल्या योरुबा भाषेत ‘तथास्तु’, म्हणायचं.

‘‘होझिया आजोबा.’’

‘‘आशे.’’

नावं सात हवीत, हा नियम त्याचाच. पाचव्यानंतर त्याला घाम फुटला. जिवंतपणी ज्यांची चौकशी केली नाही, ते मेल्यावर कुठून आठवणार?

‘‘अर्नेस्टीन आत्या.’’

‘‘आशे,’’ सगळे म्हणाले. बटाट्याच्या सॅलडचं भांडं मांडीवर घेऊन बसलेली अर्नेस्टीन आत्याही सवयीने म्हणाली. मग तिने चमचा खाली ठेवला.

‘‘कोर्टलंड, मी कधी गेले रे?’’

‘‘आत्या, ही कलेची भाषा आहे.’’

‘‘कलेला म्हणावं, आधी नाडी बघ. माझी आई रोज सकाळी कॉफीचा पहिला घोट अंगणात, गेलेल्यांसाठी ओतायची. ओतायची आणि कामावर जायची. तुझ्यासारखी ओतत बसली असती तर आम्ही उपाशी मेलो असतो. मग घेतली असतीस सगळ्यांचीच नावं.’’

लव्होनियाने खोकल्याचं निमित्त केलं. पेटिफोर्डबाई हसल्या नाहीत. ‘‘चित्रं बघू या?’’

कोर्टलंडने गंभीरपणे कापड ओढलं. मागे चौदा फुटी कॅनव्हास होता. पांढराशुभ्र.

‘‘हे शांततेचं चित्र का?’’

‘‘नाही. पूर्वजांनी अजून रंग सांगितलेला नाही.’’

‘‘अकरा महिने?’’

‘‘त्यांना घाई नसते.’’

‘‘त्यांना नसेल,’’ बाई म्हणाल्या. ‘‘मला उद्घाटन जानेवारीत करायचंय.’’

गुरुवारी पत्र आलं. प्रदर्शन जवळच्या फ्लिंट शहरातल्या एका चित्रकार बाईला मिळालं होतं. तिची बावीस चित्रं तयार होती.