तळ्याकाठचा मुक्काम

सुगंधाबाईला वाघ बघायचा नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं कितीतरी दिवस अख्ख्या पिंगळी गावात तिच्या नावानं वाघाचीच चर्चा चालली होती. वाघाशी तिचं काय घेणंदेणं? तिला पाहिजे होते चार दिवस. तिचे आणि दत्तरावाचे, दोघांचेच. जिथं कुणी हाक मारायला नाही, चहा टाक म्हणायला नाही, माझा चष्मा कुठंय म्हणून विचारायला नाही, अशा ठिकाणी नवऱ्याशेजारी चार दिवस नुसतं बसायचं, बस्स. एवढंसं मागणं. पण लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली तरी ते काही जमलं नव्हतं.

जमणार कसं? दत्तराव एसटीत ड्रायव्हर. गंगाखेडला नोकरी, आणि त्यातही मुक्कामी गाडीवर. म्हणजे संध्याकाळी गाडी घेऊन कुठल्यातरी आडगावाला जायचं, तिथंच गाडीत झोपायचं आणि पहाटे तिथली माणसं भरून परत यायचं. घरी आला की तो झोपलेला, आणि जागा झाला की निघालेला. मधल्या काळात सासू अंथरुणाला खिळली आणि गेली, सासरे गेले, मुलगा बालाजी मोठा झाला, त्याचं लग्न झालं आणि सुगंधाबाईचे गुडघे गेले. थकवा तर असा, की सकाळी उठतानाच अंगात संध्याकाळ झालेली असायची.

दत्तराव रिटायर झाला आणि त्यानं एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. परभणीच्या एका मिस्त्रीकडून आतल्या सीटा काढून टाकल्या. दोन्ही बाजूंनी बिछाने, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, आणि सुगंधाबाईच्या गुडघ्यांसाठी मागं एक कमोड. लोक बघायला यायचे. "दत्तराव, चाकावरचं घरच केलंत की हो!" म्हणायचे. दत्तरावाची छाती फुगायची. खरं सांगायचं तर त्यानं ते बायकोसाठीच केलं होतं, पण तोंडानं तसं म्हणाला मात्र नाही. बाप्यांची जातच तशी.

सून प्रियांका मोबाईलवर हुशार. ताडोब्याच्या जंगलाजवळ अशी गाडी लावून राहायच्या जागा तिनंच शोधून काढल्या. हरभरा काढून झाला होता, घरात जरा उसंत होती. दुपारी तिघं ओसरीवर बसली आणि प्रियांका एकेक जागा दाखवायला लागली.

"आई, ही बघा, एकदम गेटजवळ. लाईट, पाणी, हॉटेल, सगळं आहे. पहाटे उठलं की गेट समोरच."

"आन् ह्ये एवढे लोक कशाला जमलेत?"

"तिथं हॉल पण आहे ना. लग्नं होतात."

"आगं माय!" सुगंधाबाई म्हणाली. "परभणीतल्या वराती सोडून तितल्या वराती ऐकाय जाऊ का?"

दुसरी जागा नाक्याजवळ, ट्रकांच्या रांगेत. ती दत्तरावाला पसंत पडली. गाडी वळवायला ऐसपैस जागा होती, चहाची टपरी होती. तिसरी जागा एका शेतकऱ्याच्या रानात, तळ्याच्या काठाला. गेटपासून अर्ध्या तासावर. एकच गाडी मावेल एवढी मोकळीक, एक मोहाचं झाड, त्याखाली दोन खुर्च्या. फोटोत माणूस म्हणून एक नाही. सुगंधाबाईनं मोबाईल सुनेच्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. 

"मला हितं बसायचंय," मग ती म्हणाली.

दत्तरावानं मान वाकडी केली. "रातच्याला एकटी गाडी? अगं, मुक्कामी गाडी कदी गावाभाईर लावत न्हाईत. पारापाशी लावायची, मारुतीम्होरं. चार माणसं जवळ पायजेत. काय झालं-गेलं तर हाक तरी मारता येती."

"मला तीच नगं. हाक."

दत्तरावानं मान सरळ केली. मग म्हणाला, "बरं. तळ्याकाठी. दिला शब्द."

प्रियांकानं लागलीच त्या शेतकऱ्याला फोन केला आणि जंगलात फिरवणाऱ्या जिप्सीत दोघांच्या नावानं दोन जागा धरल्या. त्या दिवशी सुगंधाबाईनं कुणी न सांगता सगळ्यांना चहा केला.

आता दत्तरावाचा स्वभाव सांगायला पाहिजे. माणूस लाख चांगला, पण रस्त्यावर कुणी हात दाखवला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. गाडी खच्चून भरलेली असो, कंडक्टर कपाळावर हात मारून घेवो, हा थांबायचाच. 'बसू द्या हो, कुठं जाईल बिचारा.' नोकरी सुटली, पण ती सवय काही सुटली नाही.

पहिला हात सुलाबाईचा. ही दत्तरावाची थोरली बहीण, गल्लीच्या पलीकडंच राहायची. तिची लेक राजेश्री वरोऱ्याला दिलेली, म्हणजे ताडोब्याच्याच इलाख्यात. सुलाबाई आली ती उंबऱ्यापासूनच तोंड सोडत आली.

"दत्ता, तुमी ताडोब्याला जायलात म्हणं? आन् मला गावातून कळायलंय!"

"आक्का, आत्ताशी तर ठरलंय..."

"काय ठरलंय? राजेश्रीच्या दारावरून जाणार आन् रानात झोपणार? भिकारी हाव का आपण? जावई काय म्हणतील? सख्खा मामा आला आन् दारावरून गेला! पुना मला तोंड दाखवू नगंस."

 सुगंधाबाईनं आतून म्हटलं, "आक्का, येताना एक दुपार उतरू की."

"एक दुपार? जीभ कशी उचलली बाई तुझी, सुगंधे! राजेश्रीच्या अंगणात लावा गाडी, तितून जावा रोज वाघाला. साठ-सत्तर किलोमीटर तर हाय. गंगाखेडला जाऊन यायचं म्हंजी झालं! आन् मी बी येते. लेकीला भेटून होईल."

इतकं लांब राहिलं तर सकाळच्या जिप्सीसाठी मध्यरात्रीच उठावं लागेल, हे प्रियांकानं परोपरीनं सांगितलं. कोण ऐकतंय? दत्तरावाला मनातून अंगणच आवडलं होतं. अंगण म्हणजे गाव, आणि गाव म्हणजे चार माणसं. सुगंधाबाईचा जीव खट्टू झाला. पण आक्काच्या तोंडाला कोण लागणार? भांडायलाही अंगात त्राण पाहिजे.

एकानं हात दाखवला की रस्ताभर हात वर होतात. दत्तरावाचा जुना कंडक्टर सिताराम येऊन म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, माझ्याबिगर गाडी कशी निघंल?" त्याला हो. मग बालाजीनं ऑफिसात रजा टाकली. आईबापाला एवढ्या लांब एकटं कसं सोडायचं, म्हणाला. म्हणजे प्रियांकाही आली. बिछाने चार आणि माणसं सहा. "मी खाली आंथरीन," सुगंधाबाई म्हणाली, कारण कुणीतरी ते म्हणायलाच पाहिजे होतं. तिच्या गुडघ्यांचा विचार एकट्या प्रियांकानं केला, पण सून बोलून बोलून किती बोलणार?

तळ्याकाठच्या शेतकऱ्याला प्रियांकानंच फोन करून नाही म्हणून कळवलं. जिप्सीतल्या दोन जागा तेवढ्या राहिल्या. "बाकीच्यांचं तितं गेल्यावर बघू," दत्तराव म्हणाला. सुलाबाईला त्याचीही फिकीर नव्हती. वाघ काय, राजेश्रीच्या टीव्हीवर बी दिसतो, असं तिचं म्हणणं.

निघायच्या आदल्या दिवशी सुगंधाबाई सकाळपासून चुलीपुढं. दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी, राजेश्रीच्या लेकरांसाठी लाडू. सुलाबाई मध्येच येऊन सांगून जायची, "लोणचं इसरू नगं. जावयाला तुझ्याच हातचं लागतं." धपाटे थापता थापता सुगंधाबाईच्या ध्यानात आलं, की हे चार दिवस आपण राजेश्रीच्या स्वयंपाकघरात असणार. इकडचे सहा आणि तिकडचे वेगळे. पिंगळीतली चूल सोडून वरोऱ्याच्या गॅसपुढं उभं राहायचं, एवढीच काय ती सहल. तिला रडू आलं नाही. रडायलाही जोर लागतो.

सकाळी गाडी दारात उभी राहिली. सगळे चढले. सितारामनं दाराजवळची जागा धरली होती आणि डबल बेल द्यायला त्याचे हात शिवशिवत होते. सुलाबाई खिडकीशी बसून फर्मानं सोडत होती. "सुगंधे, पाण्याचा कॅन! सुगंधे, माझी गोळ्यांची पिशवी! अगं सुगंधे, शाल ऱ्हायली की!" हरेक हाकेला 'ओ' देऊन सुगंधाबाई आत जात होती आणि आणून देत होती. शाल दिली आणि ती चढायला म्हणून पायरीपाशी आली. पाय उचलेनाच. गुडघा नव्हे, मनच उचलत नव्हतं. ती क्षणभर तशीच उभी राहिली, मग वळली आणि पुढं ड्रायव्हरच्या खिडकीशी गेली.

"अव, तुमी जाऊन या. मी न्हाई येत."

"का गं? गुडघा दुखायलाय का?"

"गुडघा रोजच दुखतो."

"मग रुसलीस व्हय? आता कसं करावं? समद्यांला शब्द दिलाय मी."

"मला बी दिला व्हता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, चढवायला उरलाच नव्हता. "मला वाघ नगं व्हता, जंगल नगं व्हतं. मला तुमी पायजे व्हते, चार दिस. जल्मभर मुक्कामी गाडीवर गेलात, मी कदी काई म्हणले का? आता ही बी मुक्कामीच काढलीत."

दत्तरावाचा हात स्टेअरिंगवरच राहिला. मागून सुलाबाई ओरडली, "दत्ता, काय कुजबुज लावलीस? ऊन चढायलंय!" त्यानं मागं बघितलं नाही.

"तू कदी हातच दाखवला न्हाईस गं," तो हळूच म्हणाला.

"घरच्या माणसानं बी हात दाखवावा लागतो का?"

 त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि मागं जाऊन किल्ली बालाजीच्या हातात ठेवली. "सावकाश ने," एवढंच म्हणाला. मग खिडकीशी आला. "आक्का, लेकीकडं चार दिस निवांत ऱ्हावा. आमी दोघं न्हाई येत."

"आरं, याड लागलं का तुमाला? जावयाला काय सांगू मी?"

"सांगा, मामा ड्यूटीवर हाय."

सुलाबाईनं खिडकीतून जे काही ऐकवलं ते इथं सांगण्यासारखं नाही. प्रियांका सासूकडं बघून हसली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला हो, निघा लवकर." सितारामनं पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि गाडी गेली.

दोघं दारात उभी. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दत्तराव चोरट्यासारखा इकडंतिकडं बघायला लागला. "त्या तळ्यावाल्याला फोन करू का? आपण दोघं एसटीनं जाऊ."

"त्या एसटीचं नावच काढू नका."

तिच्यात आता कुठंच जायची ताकद नव्हती. आणि घरी राहावं तर घटकाभरात शेजारची गीताबाई येणार, सितारामची बायको येणार. का न्हाई गेलात, कोण काय बोललं, भांडलात का... आणि येईल त्याला चहा. मग सुगंधाबाईला सुचलं. एवढ्या थकल्या डोक्याला कसं सुचलं देव जाणे.

"कुलूप आणा," ती म्हणाली. "मोठं. भाईरून लावा."

"आन् आपण?"

"मागल्या दारानं आत."

 दत्तरावानं कुलूप आणलं, पुढच्या दाराला घातलं, आणि गोठ्याच्या अंगानं दोघं स्वतःच्याच घरात चोरासारखी शिरली. खिडक्या लावल्या. फोन बंद करून ठेवले. आत दिवसाउजेडी अंधार झाला. दोघं बाजेवर शेजारी शेजारी टेकली आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचेना. इतक्या वर्षांचं राहिलेलं, सुरुवात कुठून करायची? शेवटी दत्तरावानं तिचा पाय ओढून आपल्या मांडीवर घेतला आणि गुडघा दाबायला लागला.

"अव, काय करायलात! पाप लागंल मला."

"लागू दे. गप पड."

"सुगंधाबाई! अव सुगंधाबाई!" बाहेरून हाक आली. गीताबाईच. "वाईच विरजण हाय का?"

सवयीनं सुगंधाबाईचं तोंड उघडलं. 'ओ' अगदी ओठावर आला होता. दत्तरावानं तिच्याकडं बघितलं. दाबणारा हात थांबला. तिनं तोंड मिटलं.

बाहेर कडी वाजली. मग कुलूप हलवून बघितल्याचा आवाज आला.

"गेली वाटतं," गीताबाई आपल्याशीच म्हणाली. "बरं झालं माय. सुटली बिचारी चार दिस."

पावलं लांब गेली. सुगंधाबाई पदर तोंडात कोंबून बसली होती. आधी हसू आवरेना म्हणून कोंबला होता, आणि मग डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं ते तिचं तिलाच कळलं नाही. दत्तरावानं उशी ओढून तिच्या डोक्याखाली सरकवली.

"झोप," तो हलक्या आवाजात म्हणाला. "कुणी आलं तर मी जागा हाय."