काळेश्वरची सुट्टी

मनकर्णाबाईंनी भर बाजारात चंदाचा दंड धरला.

"सुकरी कुठी आहे?"

चंदाच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. ती आधी बांगड्यांकडे आणि मग बाईंकडे बघत राहिली.

"मांगं होती, बाई. आत्ताच तं होती."

"आत्ता म्हणजे कधी?"

चंदानं मागे वळून गर्दीकडे पाहिलं.

आरमोरीच्या मुलींच्या शाळेतल्या अकरा पोरी घेऊन मनकर्णाबाई काल सिरोंच्याहून नावेनं नदी ओलांडून काळेश्वरला आल्या होत्या. तेव्हा नदीच्या त्या काठाला मध्यप्रदेश होता, या काठाला हैदराबादचं राज्य. इथले पोलीस वेगळे, दुकानांवरची अक्षरं वेगळी, बोलण्यातला तर एक शब्द कळत नव्हता. पोरींनी या काठाचं नाव विलायत ठेवलं होतं. देऊळ पाहून झालं, संगमावर आंघोळी झाल्या. परतीची नाव चार वाजता होती. तोवर आम्हाला मोकळं सोडा, म्हणून पोरी सकाळपासून मागे लागल्या होत्या आणि बाईंनी शेवटी हो म्हटलं होतं. एकटीनं जायचं नाही, पाण्याकडे जायचं नाही, या दोन अटींवर.

सुकरी एटापल्लीच्या पलीकडल्या रानातली. तिच्या गावातून सातवीपर्यंत आलेली ती पहिलीच. तीन वर्षं वर्गात होती, पण काही विचारलं की मान हलवायची, नाहीतर पाटीवर लिहून दाखवायची. हेडमास्तर म्हणाले होते, "तिला नेऊ नका. बुजरी पोर आहे, परमुलखात कुठं निघून गेली तर जबाब कोण देणार?" बाईंनीच हट्ट धरला होता. मग तिचा बाप, झाडू, चार दिवस चालून शाळेत आला. त्याला मराठी जेमतेम येत होती. "नेता तशी आणजा, बाई," एवढंच तो बाईंना म्हणाला. पोरीशी मात्र शाळेच्या ओट्यावर बसून आपल्या बोलीत बराच वेळ बोलत राहिला.

स्वयंपाकाला सोबत आलेल्या रंभाबाईच्या हवाली दहाजणींना करून मनकर्णाबाई निघाल्या. धर्मशाळेत सुकरीचं गाठोडं होतं, ती नव्हती. देवळाच्या मागे नव्हती. एका दुकानदाराला त्यांनी हातानं पोरीची उंची दाखवली, स्वतःच्या कमरेखाली हात फिरवून परकर दाखवला, आभाळाकडे बोट करून निळा रंग सांगितला. त्यानं मन लावून ऐकलं आणि निळ्या कापडाचा तागा काढून त्यांच्यापुढे उलगडला. पोलिसाला सांगायला गेल्या, तर तो विडी विझवून अदबीनं उभा राहिला आणि तेलुगूत काहीतरी विचारू लागला. वीस वर्षं पोरींना बोलायला शिकवणाऱ्या बाई त्याच्यापुढे नुसत्या हात हलवत राहिल्या.

मग त्या नदीवर गेल्या. पाणी संथ होतं आणि त्यांना त्याचीच भीती वाटली. वाळूत किती तरी पावलं उमटली होती, त्यातली सुकरीची कोणती ते कसं कळणार? झाडूला काय सांगायचं ते त्या मनात जुळवू लागल्या. पण त्याला कळेल अशा बोलीत त्यांना एक वाक्यसुद्धा येत नव्हतं.

नावाडी पोचू नावेतलं पाणी उपसत होता. त्याला दोन्ही काठांची बोली यायची.

"पोरगी पाह्यते का, बाई? बाजाराच्या त्या टोकाले मोहाखाली रानातल्या कोया बाया बसते. तिथी होती एक, निळ्या परकरची."

बाई वाळूतून धावतच गेल्या.

मोहाच्या झाडाखाली पाच-सहा बाया चिंच आणि चारोळी घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यामध्ये एक पोरगी हात नाचवत, रानातल्या बोलीत मोठ्या आवाजात बोलत होती. एकीला विचारी, दुसरीचं ऐके, मध्येच तिसरीला तोडून पुन्हा विचारी. बाईंना आधी वाटलं, ही दुसरीच कोणी आहे.

"सुकरी!"

आवाज बंद झाला. बाईंचा हात उगारला गेला होता. एक म्हातारी उठून दोघींच्या मध्ये उभी राहिली, तेव्हा त्यांनी तो खाली घेतला.

"सांगून काऊन नाई गेली? जीव अर्धा केला माझा!"

"तुमी नाई म्हटलं असतं."

ते खरंच होतं. बाई झाडाच्या मुळावर बसल्या.

"माई बहीण आहे इथी," सुकरी म्हणाली. "मंगली. इकडं देली होती. मंग गडबडीचं साल आलं, फौजेनं रानातले गावं उठवले. चार वर्सं झाले, पत्ता नाई. बा म्हणे, नदीपार गेली तं इचारजो." तिनं म्हातारीकडे हात केला. "हे कोल्लू बुढी तिले ओळखते. दोन कोसावर आहे म्हणते. मी जातो तिच्यासंगं. सकाळी येतो. तुमी जा."

घाटावरून पोचूची हाक आली. चार वाजत आले होते.

"अन् तू नाई आली तं?"

सुकरी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

"मले नाई माईत, बाई," ती म्हणाली.

येतोच, असं खोटं बोलली असती तर बाईंनी तिला ओढतच नावेत घातलं असतं. त्या उठल्या, घाटावर गेल्या. रंभाबाईला सांगितलं, दहाजणींना घेऊन पलीकडे जा, सिरोंच्याच्या शाळेत मुक्काम करा. पोचूला म्हणाल्या, उद्या सकाळी नाव घेऊन ये. "हेडमास्तरांले काय सांगू?" रंभाबाईनं विचारलं. "खरं ते मी सांगीन," बाई म्हणाल्या. नाव मध्यापर्यंत जाईतो त्या बघत राहिल्या. मग चपला घट्ट करून म्हातारीच्या मागून चालू लागल्या.

वाटेत पानं वाजली की बाई थबकत आणि सुकरी पुढे जाऊन थांबे. दिवस मावळायच्या आत सात-आठ नव्या झोपड्या दिसल्या. एका दारात एक बाई उखळात धान कांडत होती, पाठीला मूल बांधलेलं. तिनं परकर-पोलक्यातल्या पोरीकडे पाहिलं, ओळख पटली नाही, पुन्हा मुसळ उचललं. सुकरी काहीतरी बोलली. मुसळ तसंच वर राहिलं.

दोघी बहिणी रडल्या नाहीत. मंगलीनं बहिणीच्या वेण्या हातात घेऊन पाहिल्या, रिबिनी चाचपल्या आणि तिला खूप वेळ रागावत राहिली. निदान मनकर्णाबाईंना ते रागावणंच वाटलं.

सकाळी बाईंना जाग आली तेव्हा शेजारची चटई मोकळी होती. त्या दचकून बाहेर आल्या. चुलीपाशी मंगली आंबील ढवळत होती, मूल तिच्या मांडीवर. सुकरी दिसेना. मंगलीनं हनुवटीनं वाटेकडे दाखवलं.

कुंपणाबाहेर सुकरी उभी होती. वेण्या घट्ट घातलेल्या, नदीच्या दिशेला तोंड, घराकडे पाठ.

"चला बाई," ती मागे न वळता म्हणाली. "नाव निघून जाईन."

बाई तिच्याजवळ गेल्या. पोरीची मान ताठ होती आणि दोन्ही हातांनी परकर मुठीत आवळलेला होता. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, मग त्या माघारी फिरल्या आणि चुलीपाशी जमिनीवर बसल्या. मंगलीनं पुढे केलेला आंबिलीचा द्रोण त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

"गरम आहे," त्यांनी मोठ्यानं सांगितलं. "थंड होऊ दे. तू पण ये, बस इथी. पोचू थांबते."