मधली बाई

"तिच्यावरचं बोट काढ आधी!" जॉर्जिनाकाकू खेकसल्या आणि त्यांनी माझ्या हातावर फटका मारला.

त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना फोटो होता. मिठाच्या पिंपांशी मासे चिरणाऱ्या तिघी, सुरी लागू नये म्हणून बोटांना चिंध्या बांधलेल्या. दोघींची नावं गावाने चटकन सांगितली. त्यातली एक काकूंची आई. मधलीचा रुमाल भुवयांपर्यंत ओढलेला, जबडा वाकडा. तिच्याबद्दल विचारलं की सगळे मिठाची गुळणी धरत. रविवारी चर्चच्या सभागृहात आमचं जुन्या फोटोंचं प्रदर्शन होतं आणि तिच्याखाली 'अनोळखी' लिहायला माझा हात धजत नव्हता. आमच्या एवढ्याशा बंदरात अनोळखी कोण असतं?

"तिचं नाव घेत नसत. केस लाल होते तिचे," काकू म्हणाल्या.

काळ्यापांढऱ्या फोटोत ते कुठून दिसणार! लाल केसांची बाई वाटेत आडवी आली की अपशकुन म्हणून आमचे कोळी धक्क्यावरून घरी परतत. समुद्रावर तिचं नाव काढायचं नाही, आणि तीच सवय जमिनीवरही.

"त्या दिवशी माझा बाप तिला बघूनही समुद्रावर गेला. घरात पीठ नव्हतं, करतो काय? बोट खडकावर फुटली. बाप गेला, काका गेले. प्रेतं धक्क्यावर आली, तशी आईने तिला पिंपांमागून केसांना धरून ओढत काढलं."

"मग?"

"मग काय! बायका तुटून पडल्या. कोणी लाथा घातल्या, कोणी पिंपाची फळी. जबडा मोडला तो आवाज मी ऐकलाय. आईने मासे चिरायच्या सुरीने तिचे केस कापले. कापले कसले, कातडीसकट सोलले. ती ओरडत होती, 'माझापण भाऊ होता गं त्याच बोटीवर!' ऐकतंय कोण? मी आईची शाल सांभाळत उभी होते."

"आणि एवढं होऊनही पुन्हा त्याच तिघी एका पिंपाशी?"

"मासे चिरायची टोळी तिघींची. तिसरी आणायची कुठून? तिलाही पोट होतंच की. दोघी आयुष्यभर शेजारी उभ्या राहून मासे चिरत राहिल्या, एक शब्द न बोलता."

मला त्या आईचा असा संताप आला की फोटो फाडावासा वाटला. "नाव सांगा तिचं, काकू."

"सांगितलं की आईचंही सगळं लिहिशील. मी लेक आहे गं तिची."

"लिहिणारच. अर्धं नाही लिहायचे मी."

"मग नीघ."

मी निघाले.

रविवारी काकू चर्चची टोपी घालून, काठी टेकत आल्या आणि थेट फोटोखाली जाऊन उभ्या राहिल्या. जो येईल त्याला सांगू लागल्या, "ही आयसोबेल कॉवी. आणि हिला मारलं ती ही, माझी आई." माणसं बावरून पुढे सरकायची. त्यांच्या पुतण्याने दंड धरला. "काकू, पुरे झालं. लोक बघतायत. घरी चल."

"बघू देत की. हात सोड," काकू म्हणाल्या. मी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी काठीने बाजूला सारली.