तारेचा आकडा

"त्याच्या मशीनने काय सांगितलं?" बॉनेटखाली वाकलेल्या थोरल्याने मान वर न करता विचारलं. आवाज होईल तितका साधा ठेवला होता.

"मशीन लावलंच नाही," नर्सबाई म्हणाल्या. "म्हणाला, गाडी फार जुनी आहे, मशीन जोडायला हिच्यात जागाच नाही."

थोरल्याला इतकं बरं वाटलं, की त्याने विनाकारण रेडिएटरच्या टोपीवरून फडकं फिरवलं.

मशीन धाकट्या भावाचं होतं. रस्त्यापलीकडे तिरकस समोर त्याचं गॅरेज होतं. काचेची केबिन, बसायला गुबगुबीत खुर्च्या आणि गाडी डोक्याच्या वर उचलून धरणारी निळी लिफ्ट. त्याआधी सतरा वर्षं दोघे भाऊ वडिलांच्या याच पत्र्याच्या शेडमध्ये एका जॅकवर काम करत. दोन वर्षांपूर्वी धाकटा वेगळा झाला, आणि त्याच्यामागून एकेक गाडी रस्ता ओलांडून गेली. नर्सबाईंचीही.

"रागावलायस ना अजून?" बाईंनी विचारलं.

"मी कुठे काय बोललो?"

"बोलला नाहीस. पण मी रस्त्यात दिसले की तोंड फिरवायचास. गॅरेजच बदललं होतं रे, सासर नाही!"

थोरला हसला नाही. "तक्रार सांगा."

बाई घरोघरी जाऊन रोग्यांची मलमपट्टी करत. तक्रारही त्यांनी केसपेपर वाचावा तशी सांगितली. निघाल्यावर पंधरा मिनिटांत तापमानाचा काटा लाल पट्टीत जातो. धाकट्याने थर्मोस्टॅट नवा घातला, रेडिएटर धुतला, पंखा बदलला, तरी काल एका म्हाताऱ्याच्या दारात गाडी वाफ सोडत उभी राहिली. शिवाय गाडी डावीकडे ओढते. "ब्रेक न लावताही. धाकटा म्हणाला, आधी तापणं बघू, ब्रेकचं नंतर."

"नंतर म्हणाला?"

"हो."

थोरल्याने बॉनेट बंद केलं. "चला, एक चक्कर मारू. चालवा तुम्ही, पण ब्रेकला पाय लावायचा नाही. थांबायचं तर हँडब्रेकने."

सपाट रस्त्यावर त्याने गाडी न्यूट्रलमध्ये टाकायला लावली. ती चांगली लांबवर घरंगळायला हवी होती, पण चिखलातून चालल्यासारखी थोड्याच अंतरात थांबली. परत आल्यावर त्याने चारही चाकांजवळ हाताची मागची बाजू नेली. तीन कोमट होती. पुढच्या डाव्या चाकावर त्याने बोटांनी पाणी शिंपडलं. चर्र झालं.

"इंजिनला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "हे चाक ब्रेकने सतत धरून ठेवलंय, आणि इंजिन ते फरपटत नेतंय. तापेल नाही तर काय!"

"अगं बाई! ताप एकीकडे आणि जखम दुसरीकडे."

"तसंच. पण ब्रेक सुटत का नाही, ते बघायचंय."

त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं. चाकामागची ब्रेकची तबकडी हाताने हलेना. आधी त्याने ब्रेक ऑइलच्या रबरी नळीचा वरचा जोड किंचित सैल केला. तबकडी तशीच घट्ट. जोड पुन्हा कसला आणि खाली तबकडीला चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरवरचा छोटा स्क्रू सैल केला. ब्रेक ऑइलची पिचकारी उडाली आणि तबकडी सहज फिरली. म्हणजे दाब या दोन जागांच्या मध्ये अडकला होता, आणि मध्ये होती फक्त नळी.

बाहेरून ती धडधाकट दिसत होती. त्याने ती सोडवली आणि ब्लेडने उभी चिरली. आतलं अस्तर फाटून पडद्यासारखं लोंबत होतं. पायाच्या जोराने तेल पुढे ढकललं जायचं. परत येताना पडदा मिटायचा.

"झडपच की ही!" बाई चष्मा वर करून वाकल्या. "आणि त्या शहाण्याने पंखे बदलले! थांब, बोलावतेच त्याला." त्यांनी फोन लावलासुद्धा. "ये इकडे. तुझ्या दादाने अर्ध्या तासात पकडलं. चाकाला साधा हात लावला नाहीस तू?"

हे वाक्य ऐकायला थोरला दोन वर्षं थांबला होता. ते ऐकत असतानाच त्याचा अंगठा नळीवरून फिरत वरच्या टोकाशी गेला आणि थांबला.

तिथे मुडपल्याची खूण होती.

अशी खूण एकाच गोष्टीने पडते. ब्रेकचे पॅड बदलताना तो जड लोखंडी कॅलिपर सोडवून बाजूला करावा लागतो. तो नळीवर लोंबकळत ठेवला, की त्याच्या वजनाने नळी आतून फाटते. वडिलांच्या शेडमध्ये हे पाप होतं. सायकलची तार वाकवून त्यांनी दोन आकडे केले होते. कॅलिपर आकड्याने वरच्या स्प्रिंगला टांगल्याशिवाय ते पॅडला हात लावू देत नसत. एक आकडा अजून दाराच्या खिळ्याला होता. दुसरा धाकट्याने वेगळं होताना मागून नेला होता. फक्त तेवढाच.

हे चाक शेवटचं थोरल्यानेच उघडलं होतं. दिवसही त्याला लख्ख आठवत होता. कॅलिपर नुकता सोडवला होता आणि समोर ट्रक येऊन थांबला. त्यातून धाकट्याची निळी लिफ्ट उतरत होती. हातातलं तसंच टाकून तो फाटकात गेला आणि लिफ्टचा दुसरा खांब आत जाईपर्यंत तिथेच उभा राहिला. आकडा खिळ्यालाच राहिला होता.

धाकटा आला. इस्त्रीचा शर्ट, छातीवर गॅरेजचं नाव भरलेलं. "काय निघालं, दादा?"

थोरल्याने नळी पुढे केली. धाकट्याने आतलं अस्तर पाहिलं. मग त्याचाही अंगठा वर सरकला आणि त्याच जागी थांबला. त्याने एकदा दाराच्या खिळ्याकडे पाहिलं, एकदा थोरल्याकडे.

"चूक माझी, बाई," तो म्हणाला. "एकदा चाकाला हात लावला असता तर कळलं असतं. पंखा मी परत घेतो."

किती सहज म्हणाला! लिफ्टचा हेवा वाटला होता, मशीनचा वाटला होता, त्या गुबगुबीत खुर्च्यांचाही वाटला होता. पण एवढा जळफळाट थोरल्याचा कधी झाला नव्हता.

"याने नाही बघितलं, ते खरं," तो म्हणाला. "पण नळी मी खराब केली. पॅड बदलताना कॅलिपर लोंबत ठेवला होता. लक्ष नव्हतं माझं."

"तुझं? लक्ष कुठे होतं?" बाईंनी विचारलं.

"समोर," थोरला म्हणाला.

बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. धाकट्याने खिळ्यावरचा आकडा काढला, कॅलिपर सोडवून स्प्रिंगला टांगला आणि हात पुढे केला. "नवीन नळी दे, दादा. मी वरचा जोड धरतो."

दोघांनी मिळून ती बसवली. उजवीकडचीही बदलली. धाकटा आत बसून ब्रेक दाबत गेला आणि थोरला खाली बसून नळ्यांमधली हवा काढत गेला. "दाब." "दाबला." "सोड." "सोडला." सतरा वर्षं हेच बोलणं होतं.

पुढच्या चकरेत काटा मध्यावरून हलला नाही. धाकटा चालतच रस्ता ओलांडून गेला. बाईंनी जाताना फक्त एवढंच म्हटलं, "सांगितलंस, ते बरं केलंस."

थोरला फाटकात उभा राहिला. पंखा परत द्यायला गाडी तिरकस समोरच्या फाटकाशी पोचली, तेव्हा मागचे दोन्ही लाल दिवे लागले. लगेच विझले. गाडी मोकळ्या चाकांनी आत वळली.

थोरला या वेळी तिथे बघत थांबला नाही. आत गेला, आकड्यावरचा गंज रॉकेलच्या फडक्याने पुसला आणि तो खिळ्याला परत लावला.