वाघाचा वाटा

जमीन हलायला लागली तेव्हा सायवनजवळच्या त्या पाड्यात आधी कुणाचा विश्वासच बसेना. खालून सुरुंग उडाल्यासारखा आवाज यायचा आणि मग फळीवरची भांडी खडखडायची. साहेब लोक येऊन भिंती बघून गेले. घाबरू नका, पण घरात झोपू नका, असं म्हणाले. यातलं नेमकं कुठलं पाळायचं हे सांगायला काही ते थांबले नाहीत.

सुकीनं दुसरं पाळलं. तिचं घर विटांचं, कौलारू, अजून नव्यातच जमा. आधीचं कारवीच्या कुडाचं होतं, ते अशा धक्क्यानं नुसतं डोललं असतं. या नव्या घराची स्वयंपाकाकडची भिंत मात्र खालपासून वरपर्यंत तडकली होती. पुढच्या दाराची चौकट अशी वाकली होती की दार ना धड लागे ना धड उघडे. कडी कोयंड्यापर्यंत पोचत नव्हती, मग कुलूप घालणार कुठं? नवरा नविन तलासरीला कामाला, रविवारचा घरी यायचा. म्हणजे दोन पोरी आणि तडकलेलं घर, सगळं एकट्या सुकीच्या जिवाला.

थोरली सुषमा समजूतदार होती. धाकटी जानी पाच वर्षांची, तिला एक सांगावं तर तिनं त्यातून तिसरंच काढावं. शाळा बंद, अंगणवाडी बंद, आणि घरात पाऊल टाकायचं नाही. पोरींना धरून ठेवायचं कसं, या काळजीनं सुकीला घास गोड लागेना. मग तिनं घरामागच्या आंब्याला ताडपत्री बांधली, खाली पेंढा पसरला आणि जाहीर केलं, "आजपासून आपण जंगलात राहणार."

आणि खरंच, रोजची ती वाडी जंगल झाली. पेंढ्याच्या गंजीचा डोंगर झाला. वालाच्या शेतापलीकडच्या ओहळात खेकडे निघाले. बांधाला मुंगसाचं बीळ होतं, ते इतक्या वर्षांत कुणी पाहिलंच नव्हतं. सुकीलाही मजा वाटायला लागली, आणि पायाखालची भुई भरवशाची नसताना मजा वाटते याची तिला थोडी लाजही वाटली.

पण जानीच्या बांगड्या घरात होत्या. दोनदा सुकीनं तिला उंबऱ्यावरून ओढून आणलं. ओरडून झालं, धपाटा घालून झाला. शेवटी ती बोलून गेली, "घरात वाघ येऊन बसलाय. कळलं?"

सुषमा गालात हसली. जानीचे डोळे मोठे झाले. मात्रा लागू पडली, असं सुकीला वाटलं.

शहरातली पोर असती तर भ्याली असती. पण वाघबारशीला नविननं जानीला खांद्यावर बसवून शिवेवरच्या वाघदेवाकडे नेलं होतं. शेंदूर लावलेला लाकडाचा वाघ तिनं पाहिला होता, त्याच्यापुढं ठेवलेले तांदूळ आणि नारळ पाहिला होता. या पाड्यांत वाघाला कुणी हाकलत नाही. त्याचा वाटा त्याला देतात, मग तो आपल्या वाटेनं जातो. सुकी लहानपणापासून हेच करत आली होती, आणि नेमकं हेच ती विसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं उकडहंडी लावली. मडक्यात वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी भरली, तोंड पाल्यानं बंद केलं, मडकं उपडं घातलं आणि भोवती जाळ केला. उन्हं कलताना ते उघडलं तेव्हा वास पार रस्त्यापर्यंत गेला. जानीनं आपला वाटा खाल्ला आणि आणखी एक पान मागितलं. पोर पोटभर जेवतेय म्हणून सुकीला बरं वाटलं. तिनं पान भरून दिलं, निखाऱ्यांवर लक्ष ठेवायला सुषमाला सांगितलं आणि हंडा घेऊन ती बोअरिंगवर गेली.

हंडा अर्धा भरला आणि जमीन गुरगुरली. हा धक्का आधीच्यांपेक्षा मोठा होता. सुकी हंडा तिथंच टाकून पळाली.

सुषमा आंब्याखाली उभी होती. एकटीच.

"जानी कुठाय?"

"इथंच होती. पान घेऊन बसली होती."

सुकी दाराकडे धावली. दार वीतभर उघडं होतं आणि तिथंच आवळून बसलं होतं. तिनं खांदा लावला तशी वरच्या विटांमधून माती भुरभुरली, एक कौल सुटून पायाशी फुटलं. तिनं खांदा काढून घेतला. शेजारचा हाल्या पहार घेऊन धावत आला.

"हात लावू नको, हाल्यादादा," सुकी म्हणाली. "दार हललं तर सगळंच खाली येईल."

त्या फटीतून मोठं माणूस जाणार नव्हतं. पोर येऊ शकत होती, पण ती आपल्या पायांनी आली तरच. सुकीनं फटीला तोंड लावलं. आत धूळ होती, आणि धुळीत तडकलेल्या भिंतीखाली जानी उकिडवी बसली होती. पुढ्यात पान.

"जानी, बाहेर ये."

"नाय. त्यानं अजून खाल्लं नाय."

"जानी!" सुकी ओरडली. पोर दचकली आणि आणखी भिंतीकडे सरकली. आता आई मारणार, हे तिला कळलं होतं.

सुकीनं ओठ दाताखाली दाबला. मग खरं ते सांगून टाकलं. "अगं, वाघबिघ काय नाय आत. मी खोटं सांगितलं तुला."

"हाय. आत्ताच गुरगुरला ना."

स्वतःच घातलेली गाठ होती. वरून पुन्हा माती पडली. हाल्या मागं काहीतरी पुटपुटत होता, सुषमा रडत होती. सुकीनं आवाज मात्र दळताना ओवी म्हणावी तसा संथ काढला.

"बरं. पान नीट ठेवलंस?"

"हो. रताळं पण हाय."

"शहाणी. वाघबारशीला ठेवल्यावर बाबानं काय केलं?"

"हात जोडले."

"मग?"

"मग मला उचललं." जानी थांबली. "मागं बघू नको म्हणाला."

"का?"

"कुणी बघितलं का तो जेवत नाय."

"मग तू तिथंच बसून राहिलीस तर तो जेवंल कसा, बाय?"

मग जानीनं हात जोडले, उठली, पाठ फिरवली आणि पावलं मोजत आल्यासारखी हळू दाराकडे आली. पळ म्हणावं असं सुकीच्या अगदी जिभेवर आलं. तिनं ते गिळलं. आधी हात बाहेर आला, मग डोकं. फ्रॉक कडीला अडकला. सुकीनं तो टराटरा फाडला, पोर ओढून छातीशी घेतली आणि आंब्याकडे चालू लागली.

अर्ध्या वाटेत जमीन पुन्हा गुरगुरली. मागं भिंत कोसळल्याचा आवाज झाला, पाठोपाठ कौलं. हाल्या "गेलं, गेलं" म्हणत राहिला. सुकीची मान वळणार तोच जानीनं दोन्ही तळवे तिच्या डोळ्यांवर ठेवले.

"मागं बघायचं नाय, आये. तो जेवतोय."

सुकीनं मागं पाहिलं नाही. उन्हातान्हात पाणी वाहून तिनं आणि नविननं ते घर उभं केलं होतं. पण त्या घटकेला तिला त्या घराचं काही म्हणजे काही वाटलं नाही. डोळ्यांवरचे ते तळवे उकडहंडीच्या काजळीनं माखलेले होते आणि गरम होते. ती तशीच आंधळ्यासारखी आंब्यापर्यंत गेली, खाली बसली आणि मग मात्र पोरीच्या केसांत तोंड घालून रडली.

"आये, आता तो जाईल ना?" जानीनं विचारलं.

सुकीच्या वाट्याचं पान निखाऱ्यांशी तसंच झाकून ठेवलेलं होतं, दुपारपासून तिनं घासही खाल्ला नव्हता. तिनं ते ओढून घेतलं आणि घराकडे पाठ करूनच, हात मागं नेऊन, जमिनीवर ठेवलं.