पाचवी सुई

डबीत सुया चारच होत्या.

क्रांतीनं डबी तळहातावर उपडी केली, पुन्हा मोजल्या. चार. गेले बारा दिवस वाकळ शिवताना तिनं रोज संध्याकाळी पाच सुया मोजूनच झाकण लावलं होतं. घरात आठ महिन्यांचं रांगतं मूल, आणि साक्षी तर फरशीवरची मुंगीही सोडत नव्हती. सासूबाई, ज्यांना ती आत्या म्हणे, हसायच्या. सून बीएस्सी झाली ती सुया मोजायलाच, म्हणायच्या.

वाकळ काल पुरी झाली होती. क्रांतीच्या आईचं मोतिया रंगाचं नऊवारी, कुठं ठिगळ नाही, कात्री नाही, वर-खाली एकच अखंड कापड. आत जुनी मऊ धडुती. नक्षी तिनं आधी आलेखाच्या कागदावर काढली, मग ताट उपडं ठेवून खडूनं कापडावर वर्तुळं आखली. शिवायला बयाबाई होत्या. त्या दरवर्षी दिवाळीनंतर माण तालुक्यातून वाकळा शिवायला सांगलीत येत. दोघींनी मधल्या कमळापासून कडेपर्यंत धावदोरा घालत नेला. शेवटचा कोपरा मात्र बयाबाईंनी एकटीनं मिटवला, क्रांती आत साक्षीला निजवत होती तेव्हा; त्या गडबडीत काल सुया मोजायच्या राहिल्याच. आज सकाळच्या एसटीनं त्या दहिवडीला निघाल्या होत्या.

साक्षी कुठंय?

वाकळेवरच होती. तोच शेवटचा कोपरा तोंडात कोंबून चघळत होती. क्रांतीनं तो ओढून काढला, तर पोरीचे ओठ लाल. हनुवटीवरून लाल ओघळ.

तिनं बोट घालून जीभ, हिरड्या, टाळू चाचपला. साक्षीनं नव्या दोन दातांनी बोट चावलं आणि भोकाड पसरलं. क्रांतीनं ओला कोपरा चिमटीत धरला. आत काहीतरी टणक लागलं. मोडली असेल का? अर्धी इथं, आणि अर्धी पोरीच्या पोटात?

आत्यांनी साक्षीला उचललं, टाके सावकाश उसव म्हणाल्या. पण क्रांतीनं कात्री घेतलीच होती. टाक्यांबरोबर आईचं नऊवारीही बोटभर चर्रकन फाटलं.

सुई नव्हती. खाली पडला तो वाळून कडक झालेला भाकरीचा तुकडा, हळदीकुंकवात माखलेला. साक्षीच्या ओठांना लागलं होतं ते कुंकू.

ती त्या तुकड्याकडं बघतच राहिली. आपल्या लेकराच्या पांघरुणात, आपल्याला न सांगता, हे? आमच्याकडं असलं काही नसतं बाई, आत्या पुटपुटल्या. क्रांतीनं बयाबाईंना फोन लावला. पलीकडून एसटीचा खडखडाट ऐकू आला.

"बयामावशी, वाकळंत काय घातलंत?"

"भाकरी," बयाबाई म्हणाल्या, भाजीत मीठ घातलं म्हणावं तशा. "उपाशी वाकळ मिटवू न्हाई. ती मग लेकराचीच ऊब खाती. आमच्यात समद्याच घालत्यात."

"आणि पाचवी सुई?"

"माज्या पदराला हाय की. शेवटची सुई शिवणारणीसंगं जाती. घरात ऱ्हायली तर ती घरच्या बाईला बसू देत न्हाई, लगीच दुसरी वाकळ मागती." मग त्यांचा आवाज उतरला. "का गं? रडतीयास व्हय?"

क्रांतीनं डबीचं सांगितलं, लाल ओठांचं सांगितलं.

"रांगतं लेकरू हाय," बयाबाई म्हणाल्या. "सुई सांगून न्यायला पायजे हुती. चुकलंच माजं."

फाटलेलं नुसत्या टाक्यांनी मिटणार नव्हतं. क्रांतीनं साक्षीच्या तोकड्या झालेल्या झबल्याचा तुकडा कापला. अखंड वाकळेला पहिलं ठिगळ. दोरा काही ओवला जाईना; शेवटी आत्यांनी चष्मा पुसून ओवून दिला. आणि टोपल्यातल्या भाकरीचा नखाएवढा मऊ कोर मोडून पुढं केला. क्रांतीनं तो क्षणभर हातात धरला, मग कोपऱ्यात सरकवला. कुंकू नाही घातलं.

गाठ मारून झाल्यावर सुई हातातच राहिली. आता शिवणारीण तीच होती. पण पदरात साक्षी होती, लाल हनुवटीची, हुंदके देत झोपलेली.

दुसरी वाकळ मागायची तर मागू दे. तिनं सुई डबीत टाकली, चार मोजल्या, आणखी एकदा मोजल्या आणि झाकण दाबून बसवलं.