उघड्या डोळ्यांचा नमस्कार

"मावशी, उभं असताना डोळे मिटायचे नाहीत. नमस्कार करतानासुद्धा नाही."

माणगावच्या डॉक्टरीणबाईंनी मला हे पुन्हापुन्हा बजावलं होतं. त्यांनी एक थरथरणारा, वाजणारा चिमटा माझ्या पायाच्या अंगठ्याला टेकवून विचारलं होतं, काही कळतंय का. कानाला तो वाजताना कळत होता, पायाला काहीच नाही. साखरेनं पायांच्या नसा गेल्या, आता पाऊल कुठं पडलंय ते डोळ्यांनीच बघायचं, डोळे मिटले की तोल जाणार, असं त्यांनी समजावलं. मी मान हलवली. पण त्या मंगळवारी देवळात आरती संपली, बाळाजी गुरवानं घंटा वाजवली आणि हात जोडले गेले तसे डोळे आपोआप मिटले. जन्माची सवय. देवीसमोर डोळे उघडे ठेवायला मला कुणी शिकवलंच नव्हतं.

आधी मी झुलले. मग सावरायला हात पसरले आणि खांबाला घासत खाली आले. डोळे उघडून बघते तर बायका माझ्यासमोर वाकलेल्या. एक कपाळाला हळद लावत होती, दुसरी माझे केस मोकळे करत होती. बाळाजी सगळ्यांना सांगत होता, गोदूच्या अंगात आई आली.

कोपर सोलवटलं होतं, धाप लागली होती. मी गप्प राहिले. त्यांनी मला मिरवत घरी आणलं, आणि घर येईपर्यंत गप्प राहण्यात किती सोय आहे हे माझ्या ध्यानात आलं.

माझा मुलगा हर्षद पनवेलला असतो. मला तिकडे न्यायचं त्यानं ठरवून टाकलं होतं. पडलीस तर तिथं बघणार कोण, देव काय घरात नाहीत का, हे त्याचं रोजचं. रोज सकाळची माझी देवळातली प्रदक्षिणा त्याच्या डोळ्यांत खुपायची. मधुमेह झाला तसे मी उपास सोडले, गोड सोडलं. प्रदक्षिणा सोडली नव्हती. आरतीची बातमी पनवेलला पोचली आणि त्याचा आवाजच बदलला. देवीनं तुला धरलंय तर मी कसा नेऊ, म्हणाला. सुनेनं, नूतननं, तर फोनवरूनच नमस्कार केला. हा साखरेचा प्रताप.

पुढच्या मंगळवारी देवळात माझ्यासाठी खुर्ची मांडलेली, तिच्यावर लाल कापड. प्रश्न विचारायला बायका रांगेनं बसलेल्या. यापुढे मरेपर्यंत मला देवळात यायला कुणी अडवणार नव्हतं. त्यासाठी मी फक्त डोळे मिटायचे होते.

पहिली आली नलू, माझी धाकटी जाऊ. वाटण्या झाल्यापासून ती बागेतल्या पाण्याच्या पाटाच्या पलीकडे राहते. तिनं पदर पसरला आणि मग जरा लाजत पाऊल पुढं केलं. अंगठ्याखाली काळपट जखम, कडा पांढऱ्या पडलेल्या.

"आई, कधी लागलं ता कललंच न्हाय. दुखत तर न्हायच. अंगारा लावत्ये. तेवढा पुरंल ना?"

दुखत नाही, म्हणाली. माझ्या अंगठ्यालाही चिमटा कळला नव्हता.

नलूला साखर आहे, ती गोळ्या घेते आणि टाकते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. देवीच्या आवाजात एकदा म्हटलं असतं, जा दवाखान्यात, तर ती पळत गेली असती. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण जिच्याभोवती मी रोज फिरते, तिच्या तोंडी माझे शब्द घालायचे? आणि नलूच्या मागची बाई पोरीच्या लग्नाचं विचारेल, तिलाही मीच सांगायचं?

खुर्चीचा हात धरून मी उभी राहिले. पाय जरा फाकवून, नजर देवीच्या चांदीच्या डोळ्यांवर.

"नलू, मी गोदूच बोलत्ये. माझ्या अंगात आई न्हाय आली, माझ्या अंगात साखर हाय. त्या दिशी डोले मिटले नि तोल गेला. तुजा पाय बोलत न्हाय, तसाच माजा. अंगारा देवीपुढं ठेव आनि उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

मागून कुणीतरी हसलं. बाळाजीनं खुर्चीवरचं लाल कापड ओढून घडी घातली. नलूचं तोंड लालबुंद झालं.

"आठ दिस पाया पडून घेतल्यास, तवा वाचा गेलेली काय? आनि सोताच्या पायावर धड उभी ऱ्हात न्हाईस, मला नेनारी तू? पाट वलांडून माझ्या दारात ये, मंग येत्ये."

तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पाटावरचा साकव म्हणजे सुपारीचे दोन सोट शेजारी टाकलेले, धरायला काही नाही. पाय बधिर झाल्यापासून मी त्याच्या जवळ गेले नव्हते. हे तिला ठाऊक होतं, ऐकणाऱ्या सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"पहिल्या एष्टीच्या आधी येत्ये," मी म्हटलं. "लुगडं नेसून तयार ऱ्हा."

संध्याकाळी हर्षदला मीच फोन करून खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, रविवारी गाडी घेऊन येतो, कपडे भरून ठेव. मी म्हटलं, ये, डॉक्टरकडे ने आणि माझ्या दारात परत आणून सोड. बघू, म्हणाला.

"बघू न्हाय. सांगितलंय तुला."

सकाळी देवापुढे बसूनच दिवा लावला. बुटात हात घालून आत खडा नाही ना ते चाचपलं, मोजे चढवले, काठी घेतली आणि निघाले. बागेत सुपारीच्या झावळ्या गळून पडल्या होत्या. प्रत्येक पाऊल बघून टाकायचं, मग दुसरं. चालायला वेळ लागला, पण दिवस माझाच होता.

साकव दवानं ओला होता. पलीकडे नलूचं दार बंद, पण कौलांतून धूर निघत होता. पाटाच्या कडेला भांडी घासणारी शेजारची पोर साक्षी हातातलं पातेलं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली. ही वयस्क बाई साकव ओलांडणार, हे तिला खरं वाटेना. बघू दे.

मी साकवाच्या तोंडाशी पोरासारखी खाली बसले, पदर खोचला, काठी मांडीवर आडवी घेतली आणि दोन्ही हात सोटांवर टेकले. हातांना अजून सगळं कळतं. ओल कळली, शेवाळ कळलं, लाकडाची बारीक भेगसुद्धा कळली. हात पुढे ठेवला आणि सरकले.